आजींनी बाबांचं मनगट धरलं तेव्हा

"आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता!" असं म्हणत बाबा टोपी घालून निघालेच. ग्रीसचं सिमी बेट, पेडीचा किनारा, दुपारचे साडेबारा, आणि यांना डोंगरावरून पलीकडच्या बीचवर चालत जायचं होतं.

हॉटेलवाल्या आजींना मराठी कुठून कळणार, पण त्या उठून आल्या, बाबांचं मनगट धरलं आणि त्यांच्याच घड्याळावर सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग समोर पाण्याची मोठी बाटली आणून ठेवली.

बाबा गपचूप बसले. मला मात्र किती वेळ धडधडत होतं.

इथेच जून २०२४ मध्ये डॉ. मायकल मोस्ली भर उन्हात एकटे चालत निघाले होते, फोन जवळ नव्हता, चार दिवसांनी मृतदेहच सापडला. ब्रिटनमध्ये टीव्हीवर लोकांना तब्येत कशी सांभाळायची ते सांगणारा माणूस हो!

आणि नागपुरात तरी दुपारी कोण फिरतं? डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी आलं की पन्हं, बारानंतर कूलरसमोरून हलायचं नाही, हे बाबांनीच शिकवलंय आम्हाला. सुट्टीवर आलं की कसं विसरतो आपण? त्यात इथे समुद्राच्या वाऱ्याने घाम लगेच वाळतो, ऊन लागतंय हे कळतच नाही, आणि वाटेवर नुसते दगड, सावलीला झाड नाही.

सहानंतर गेलो, दोघांचे फोन चार्ज, इमर्जन्सीचा ११२ सेव्ह केलेला. ओआरएसची पाकिटं बाबांनी स्वतःच खिशात टाकली.

तुमच्याकडे आईबाबा ऐकतात का हो?