आपण आणि आम्ही

परवा दुपारी भाचीकडून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली ती, पाठ करून घेत होते. गाडी पहिल्याच ओळीला अडली. "मावशी, 'आमच्या स्वर्गातील पित्या' का? 'आपल्या' का नाही? मी पण आहे ना त्यात?" मैत्रीण 'आमची सहल' म्हणाली की आपल्याला बोलावलेलं नसतं आणि 'आपली सहल' म्हणाली की असतं, एवढं व्याकरण तिला अनुभवानं येतं. मी म्हटलं, "आधी पाठ कर." उत्तर येत नसलं की मोठी माणसं हेच म्हणतात.

उत्तर सुचलं ते भांडी विसळताना. प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणतं, "चला, आपण प्रार्थना करू या." डोळे मिटतात आणि तोच माणूस पुढच्या श्वासाला म्हणतो, "हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत." माणसं तीच, खुर्च्या त्याच, फक्त बोलणं आता दुसऱ्या कुणाशी तरी सुरू झालेलं. इंग्रजी बिचारी एका 'वी'वर दोन्ही भागवते. आपल्याकडे पापण्या मिटल्या की सर्वनाम बदलतं.

आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' नाहीच. 'मला' नाही, 'माझं' नाही. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात येशू सांगतो, खोलीत जा, दार लावून घे, मग प्रार्थना कर. आणि तीनच वचनांनंतर शिकवतो काय, तर 'आमच्या'. म्हणजे दाराला कडी घालून एकटं बसलं तरी भाकर सगळ्यांसाठी मागायची.

लहानपणी मला हे 'आम्ही' फार जाचायचं. घरात सभा असली की सगळे गोल बसत आणि आळीपाळीनं प्रार्थना करत. माझा नंबर येईतो आजारी माणसं संपलेली, प्रवासाला निघालेली संपलेली, परीक्षेला बसलेलीही संपलेली. देवाकडे मागायला काही शिल्लकच नसायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "प्रभू, आत्तापर्यंत सगळ्यांनी जे सांगितलं ते माझंही. आमेन." आई डोळे मिटूनच हसली. हे मला कसं दिसलं, ते विचारू नका.

माझ्या खोडी तेव्हापासूनच्या. प्रार्थनेतून सूचना देणाऱ्यांचा मला राग येतो. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की येत्या रविवारची उपासना नऊऐवजी साडेनऊला आहे." त्याला ठाऊक आहे हो, आम्हांला सांगताय ना, मग सरळ डोळे उघडून सांगा. दुसरे ते प्रभूची प्रार्थना म्हणतानाचे घाईवाले. बाकीचे अजून 'रोजच्या भाकरी'वर असताना यांची गाडी 'परीक्षेत आणू नकोस'ला पोचलेली असते. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. १९०८ पासून चालत आलेला. त्यात निरनिराळ्या मंडळ्या एकत्र जमतात, तेव्हा आणखी गंमत. 'वाइटापासून सोडव' म्हणून कॅथलिक मंडळी थांबतात आणि प्रोटेस्टंट मंडळी तशीच पुढे 'राज्य, सामर्थ्य व गौरव' या शेवटच्या ओळीकडे निघतात. मधल्या त्या अर्ध्या क्षणात सगळ्यांचे डोळे किलकिले होतात. ऐक्याच्या प्रार्थनेत तेवढ्यापुरतं तरी एकमत दिसतं.

एकत्र म्हणजे एका सुरात, असं तरी कुठे आहे? कोरियातल्या मंडळ्यांत सगळे एकाच वेळी मोठमोठ्यानं आपापली प्रार्थना करतात. शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्याला कळत नाही. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातली मंडळी तासतासभर गप्प बसतात. दोघंही स्वतःला 'आम्ही'च म्हणवणार.

मला सगळ्यात जवळची वाटते ती बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली, बाराव्या अध्यायातली सभा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आणि मार्काची आई मरीया हिच्या घरी रात्री सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करताहेत. तेवढ्यात सुटून आलेला पेत्रच दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत धावते. आतले लोक म्हणतात, "तू वेडी आहेस!" ज्याच्यासाठी जागले तोच आला, तर विश्वास नाही. पेत्र बाहेर ठोठावतोच आहे. इतकी ओळखीची प्रार्थनासभा अख्ख्या बायबलात दुसरी नाही.

गेल्या आठवड्यात आमची सभा होती. समोरच्या खुर्चीवर अशी एक व्यक्ती, जिच्याशी मी दोन महिने बोललेले नाही. कारण क्षुल्लक आहे, म्हणूनच सांगत नाही. तिचा नंबर आला आणि ती म्हणाली, "प्रभू, आम्हांला क्षमा कर." आम्हांला! मला न विचारता मला त्यात घेतलं. आता हे 'आम्ही' अर्धं नाकारता येत नाही.

सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हटलं. जरा उशिरा.