कळ्या कुणी पाडल्या?

ऑफिसमधली आतली झाडं सांभाळायचं काम करतो मी. झाडं भाड्याने द्यायची, ठरलेल्या दिवशी जाऊन पाणी घालायचं, पानं पुसायची, गेलेलं झाड बदलायचं. ह्यात तक्रारी दोनच, "झाड वाळलं" नाहीतर "झाड कुजलं", आणि दोन्हीच्या मागे बहुतेक वेळा पाणीच असतं. म्हणूनच ही फॅलेनोप्सिस ऑर्किडची केस डोक्यात राहिली.

एका क्लायंटच्या रिसेप्शनला मागच्या भिंतीलगत लांब टेबलावर आमची ऑर्किड्स होती. सोमवारी सकाळी अ‍ॅडमिनच्या सरांचा फोन. "अहो, कळ्या परत गळल्या. माल कसला देताय तुम्ही?" परत म्हणजे आधीचा लॉटही असाच गेला होता आणि तो आम्ही काही न बोलता बदलून दिला होता. ह्यावेळी म्हणलं सर, आधी येऊन बघतो, बदलायचं ते नंतर बघू.

गेलो तर टेबलावर कळ्यांचा सडा. एक उचलून बघितली, पिवळट पडलेली, थोडी लालसर झाक, आणि देठ जिथे सुटला ती जागा एकदम स्वच्छ. कुणी हाताने तोडली की तिथे ओरबाडल्यासारखं दिसतं, हे तसं नव्हतं, झाडानेच सांधा सोडला होता. दांड्यावर राहिलेल्या एका कळीला नुसतं बोट लावलं तर तीही हातात आली. उमललेली फुलं पण मलूल होऊन आत मिटायला लागलेली, आणि ह्या फुलांचं म्हणाल तर नीट ठेवली तर दोन-तीन महिने सहज टिकतात.

मग सगळं एकेक तपासत बसलो. कुंड्या पारदर्शक असतात त्यामुळे मुळं बाहेरूनच दिसतात, वाळली की चंदेरी आणि ओली झाली की हिरवी, ती ठणठणीत होती. पानांच्या बेचक्यात मिलीबगची कीड नाही. शेंड्यात पाणी साठलेलं नाही. एसीची हवा थेट लागत असेल म्हणून टिश्यूची पट्टी धरून बघितली, हलली पण नाही. सर मागेच उभे, म्हणाले शनिवार-रविवार एसी बंद असतो, उकाड्यानेच झालं असणार. पण एसी तर वरच्या मजल्यावरही बंद असतो, आणि तिथली त्याच लॉटची ऑर्किड्स मस्त फुललेली, मी येतानाच बघून आलो होतो. म्हणजे माल पण तोच आणि उकाडा पण तोच.

मी जवळजवळ हात टेकले होते तेवढ्यात टेबलाच्या टोकाला असलेल्या ब्रोमेलियाडच्या झाडाकडे लक्ष गेलं. एक्मिया, चंदेरी पट्ट्यांच्या पानांची. आमच्याकडच्याच जुन्या झाडाच्या बाजूला आलेलं पिल्लू वाढवून तिथे ठेवलेलं, चांगलं भरलं होतं पण फुलायचं नाव नाही. आणि आज बघतो तर पानांच्या मधल्या पेल्यात पाण्याच्या वर गुलाबी टोक! एकाच टेबलावर एकाच्या कळ्या गळतायत आणि दुसऱ्याला, जो इतके दिवस ढिम्म होता, त्याला फूल येतंय. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र करणारी वस्तू मला तरी एकच माहितीये, इथिलीन नावाचा गॅस.

विचारलं, "सर, ह्या भिंतीमागे काय आहे?" तर म्हणे पॅन्ट्रीची स्टोअररूम. टेबलाच्या बरोबर मागे तिचं बंद दार, त्याला खाली जाळी. आतून जाऊन उघडली तर गोड वासाचा भपकाराच आला, क्रेटच्या क्रेट सफरचंद आणि केळी, खालची केळी काळी पडलेली. पॅन्ट्रीतले काका म्हणाले, स्टाफला फळं द्यायची स्कीम सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले, शुक्रवारी उरतं ते सोमवारपर्यंत इथेच. खिडकी नाही, एक्झॉस्ट नाही. एक्मियाला गॅस लागल्यापासून फूल दिसायला साधारण तेवढाच वेळ लागतो, हिशोब जुळला!

सरांना पटेना. "फळांनी फुलं गळतात? काहीतरीच." मग सांगितलं की पिकणारं फळ स्वतःच इथिलीन सोडतं, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन नावाच्या माणसाने 1934 सालीच सिद्ध केलंय, मी काही नवीन शोध लावत नाहीये. त्याच्याही आधी 1901 मध्ये रशियात नेल्युबोव्ह नावाच्या माणसाने दाखवलं होतं की दिव्याच्या गॅसमध्ये झाडांना बाधणारी गोष्ट ती हीच. ऑर्किडचं फूल परागण झालं की स्वतःच हा गॅस बनवतं आणि दोन-एक दिवसांत मान टाकतं, काम झालं, आता कशाला टिकायचं. बाहेरून गॅस आला तरी त्याला तेच वाटतं, कळी असो नाहीतर फूल. आणि ब्रोमेलियाड म्हणजे अननसाच्या कुळातलं, ह्यांना उलट ह्याच गॅसने फूल येतं, नर्सरीवाले मुद्दाम देतात.

बोलून भागणार नव्हतं म्हणून वरच्या मजल्यावरून कळ्या असलेल्या दोन कुंड्या आणल्या, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या, एकीत त्याच क्रेटमधली दोन सफरचंदं टाकली आणि दोन्ही सरांच्या केबिनमध्ये उन्हापासून लांब ठेवल्या. एक झाड फुकट जाणार हे माहिती होतं, पण दर महिन्याला अख्खा लॉट बदलण्यापेक्षा ते परवडलं.

पुढच्या फेरीची वाट बघावीच लागली नाही. सरांनी आधीच फोटो पाठवला, सफरचंदवाल्या पिशवीत तळाला कळ्या पडलेल्या, दुसरीत सगळ्या जागेवर. खाली फक्त "ओके" लिहिलेलं. क्रेट त्याच दिवशी बाहेरच्या हवेशीर पॅसेजमध्ये गेले. नवीन लॉट ठेवला, त्याच्या कळ्या व्यवस्थित उमलतायत.

एक्मिया सरांनी स्वतःच्या टेबलावर नेलीये, आल्यागेल्याला दाखवतात. फूल काही महिने राहील, मग मूळ झाड हळूहळू मरतं आणि बाजूने पिल्लं येतात, त्या झाडाची रीतच ती. हे मी त्यांना आत्ताच मेलवर लेखी कळवून ठेवलंय, नाहीतर परत फोन येणार, माल कसला देताय म्हणून.