तुम्ही विचारलंत म्हणून: बोल पाठ आहेत, मग हात का चालत नाही?

तबल्याच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे आईबाबा हमखास विचारतात, सर, कायदा (म्हणजे ‘धा’, ‘तिरकिट’ अशा तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) याला तोंडपाठ आहे, घरी जेवतानासुद्धा धडाधड म्हणतो, मग तबल्यावर बसला की हात का अडखळतो, लक्ष देत नाही का?

अहो लक्ष देतोय तो. बोल लक्षात राहणं आणि हात बसणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, वेगवेगळ्या भागांत चालणारी. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांचं १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूचं ऑपरेशन झालं, त्यात दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, बराचसा काढला आणि त्यानंतर त्यांना नवीन काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली (करून बघा, हात भलतीकडेच जातो). तीन दिवसांत चुका कमी होत गेल्या, पण दर वेळी त्यांना वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय! तुमच्या मुलाचं याच्या बरोबर उलट आहे, त्याला आठवतंय सगळं, हाताचं शिकणं अजून चालू आहे.

हे शिकणं बरंचसं लहान मेंदूत होतं. डोक्याच्या मागे, खाली असतो तो, आकाराने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन्सपैकी (म्हणजे चेतापेशींपैकी) ८० टक्के तिथेच आहेत. बोटाला हुकूम सुटला की आघात कसा लागेल याचा अंदाज हा आधीच बांधतो, प्रत्यक्षात वेगळा लागला की त्या फरकावरून पुढचा हुकूम जरासा बदलतो. आणि इथेच लयीचा प्रश्न येतो, कारण चूक कानावर पडून हात सुधारेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो, बऱ्याचदा जास्तच, आणि रेल्यात, म्हणजे अतिशय जलद वाजवायच्या रचनेत, सेकंदाला दहा-बारा आघात असतात म्हणजे तोवर पुढचे एक-दोन बोल वाजूनसुद्धा गेलेले. एवढ्या वेगात सगळं आधीच बसलेलं लागतं, वाजवता वाजवता सुधारता येत नाही. म्हणून मी ठाय लय, म्हणजे संथ गती, सोडू देत नाही, ‘तिरकिट’मधलं प्रत्येक बोट सुटं ऐकू आलं पाहिजे, मुलं कंटाळली तरी. घाईत कच्चं वाजवलं तर तेच हातात बसतं आणि ते काढायला फार वेळ लागतो.

रियाज रोज थोडा हवा, रविवारी एकदम तीन तास नको. मधल्या काळातही मेंदू काम करत असतो. २००२ साली हार्वर्डच्या एका प्रयोगात लोकांना बोटांनी एक क्रम टाइप करायला शिकवला, तर रात्रीच्या झोपेनंतर मध्ये काही सराव नसताना वेग सुमारे २० टक्के वाढलेला निघाला. यात झोपेचा वाटा किती आणि नुसत्या विश्रांतीचा किती यावर पुढे वाद झाले, पण मध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो हे खरंच. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री बारा-बारापर्यंत त्याला तबल्यावर बसवू नका प्लीज, जेवण झालं की झोपू दे.