फोनवर नेट सुसाट आणि डेस्कटॉपवर रडतंय? पीसीच्या मागे बघा

नेट स्लो झालं की आपण पहिला फोन लावतो नेटवाल्याला आणि तो बिचारा सांगतो राऊटर बंद करून चालू करा. कधी कधी होतं त्याने काम, नाही असं नाही. पण डेस्कटॉपच्या शेजारीच बसून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली आणि तिथे ९० एमबीपीएस आले आणि डेस्कटॉप मात्र ८-१० च्या वर सरकतच नाहीये, तर नेटवाल्याशी भांडण्यात काही अर्थ नाही. प्लॅन वाढवण्यात तर अजिबातच नाही.

ताईकडे अगदी हेच चाललं होतं. भाचा बारावीला, लेक्चर अर्ध्यावर अडकायचं, आणि भावजी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यायच्या तयारीत. म्हटलं थांबा भावजी, पैसे भरायच्या आधी बघू तरी नक्की अडतंय कुठे.

ते बघायला काही सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, आयपीकॉन्फिग (ipconfig) मारून डीफॉल्ट गेटवे समोरचा नंबर बघायचा (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि त्यालाच पिंग (ping) लावून ठेवायचं, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मागे -t लावलं की ते चालूच राहतं. हा नंबर म्हणजे तुमच्याच घरातला राऊटर, बाहेरच्या लाईनचा यात काही संबंध नाही. इथे एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंद यायला पाहिजेत. ताईकडे येत होतं ३, ४, ३, मग एकदम २१०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आऊट म्हणजे उत्तरच नाही, मग परत ४. राऊटर कुठे, तर पलीकडच्या खोलीत!

मग नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड मारली. यात वायफायचा चॅनल, सिग्नल आणि रिसीव्ह रेट (राऊटरशी जोडणीचा वेग, एमबीपीएसमधे) असं सगळं दिसतं. रेडिओ टाईप ८०२.११एन म्हणजे वायफायची जुनी पिढी, बँड २.४ गिगाहर्ट्झ, आणि रेट कधी ७२ तर कधी १९.५ वर. ताईच्या डेस्कटॉपला वायफाय यूएसबीत खोचलेल्या छोट्या डोंगलमधून मिळतं, आणि एका अँटेनाच्या अशा एन डोंगलला २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ७२ च्या वर जाताच येत नाही, आणि हा आकडाही कागदावरचा, हातात त्याच्या निम्मं पडलं तरी खूप. म्हणजे ३०० चा प्लॅन घेतला असता तरी डेस्कटॉपला पत्ताही लागला नसता.

पण निम्मं तरी यायला हवं होतं ना, ८ का येत होतं? तर टेबलाखाली वाकून बघितलं. नखाएवढा डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमधे, त्याला चिकटून बाहेरची हार्ड डिस्क, मागे भिंत, पुढे अख्खा पत्र्याचा डबा. यूएसबी ३ चं साधन चालू असलं की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओचा गोंगाट करतं, इंटेलने २०१२ मधे यावर पेपरच काढलाय. मी पिंग चालू ठेवून हार्ड डिस्कवर एक मोठा पिक्चर कॉपी करायला लावला, आकडे लगेच बोंबलले, डिस्क काढली की शांत. भाचा म्हणतो, मामा म्हणूनच माझा वायरलेस माऊस पण अडखळतो का रे? हो बाबा, म्हणूनच. बऱ्याच वायरलेस माऊसचा रिसीव्हर पण २.४ वरच चालतो.

उपाय काय, तर साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल. डोंगल काळ्या यूएसबी २ च्या पोर्टमधून टेबलावर आणला, डिस्कपासून लांब, राऊटरच्या बाजूला. रेट ६५-७२ वर टिकला, स्पीड टेस्ट ३५ च्या आसपास, लेक्चरला एवढं भरपूर झालं. पुढे डोंगल बदलायचाच असेल तर ड्युअल बँडवाला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) घ्या, फक्त ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या दोन भिंती पार करताना दम तोडतं हे लक्षात ठेवा.

ज्यांच्या मदरबोर्डवर आतच वायफाय आहे त्यांनी बॉक्स परत उघडून बघा, दोन अँटेना पिशवीत तशाच पडलेल्या असतात, असेंबल करणारा लावतोच असं नाही. त्या मागच्या सोनेरी स्क्रूवर फिरवून बसवायच्या. डिव्हाईस मॅनेजरमधे वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला ते बंद करू देणारी टिक काढली तर मधे मधे तुटणं पण कमी होतं. राऊटरमधे २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो कमी गर्दीचा असेल तो आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ, बिल्डिंगमधे ४० ठेवून फायदा होत नाही. आणि डाऊनलोड विंडोत १२ एमबी दिसतंय म्हणून ओरडू नका, ते मेगाबाईट असतात आणि प्लॅनचा आकडा मेगाबिटमधे, एका बाईटमधे आठ बिट, म्हणून १०० एमबीपीएसला आठाने भागलं की साडेबाराच येतात.

खरं विचाराल तर डेस्कटॉप काही जागचा हलत नाही, त्याला वायफाय हवंच कशाला. कॅट ५ई ची (राऊटरपासून पीसीपर्यंत नेटची) वायर स्कर्टिंगवरून फिरवली की विषय संपला, अर्थात ताईला हॉलमधे वायर चालणार नाहीये ते वेगळं. तुम्ही टाकणार असाल तर वायरवाल्याला आठही तारा क्रिम्प करायला (टोकाच्या जॅकमधे दाबून बसवायला) सांगा. काही जण चारच जोडतात, आणि मग गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० एमबीपीएसवरच अडकते.