पंधरा, सोळा, सतरा

गाळप सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एका साखर कारखान्याचं मोबाइल ॲप आमच्याकडे होतं. उसाची खेप काट्यावरून उतरली की पावती शेतकऱ्याच्या फोनवर, एवढंच त्याचं काम. सकाळीच शेतकी खात्यातून फोन : "तिघातिघांच्या मोबाइलवर एकाच गाडीची पावती दिसतेय. लोक काट्यावर जमलेत, काटामारी म्हणतायत."

काटामारी हा शब्द निघाला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. मी लॅपटॉप घेऊन तिथेच गेलो. जुन्या आठ काट्यांवर एकही तक्रार नव्हती. गोंधळ फक्त या हंगामात बसवलेल्या नव्या काट्याचा, म्हणून सगळा राग तिथल्या ऑपरेटरवर. त्यानं बिचाऱ्यानं कागदी पावत्यांची चळत माझ्यापुढे सरकवली. "साहेब, कागदावर बघा." कागदावर खरंच सगळं बरोबर होतं.

पावती क्रमांक सोळा आकडी : दोन आकडे काट्याच्या कोडचे, सहा तारखेचे, उरलेले आठ अनुक्रमांकाचे. मी पावत्या ओळीनं मांडल्या. शेवटी १५, १६ आणि १७ असलेल्या तिन्ही ॲपमध्ये १६ होऊन बसल्या होत्या. १८ जागेवर. १९, २०, २१ या तिन्ही २०. २२ पुन्हा जागेवर. चारच्या पाढ्यातल्या आकड्याकडे दोन्ही बाजूंचे शेजारी राहायला आले होते! इथे पोटात गोळा आला. हे काट्याचं नव्हतं, माझं होतं.

ॲप ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं, ती जावास्क्रिप्ट साधी संख्या ६४ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या चौसष्ट खणांत ठेवते आणि तिची अचूकता ५३ बिटांची. २ चा ५३ वा घात म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. आपल्या जुन्या मोजणीत नऊ अंत्य आणि वर थोडं. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांकाला स्वतःची जागा मिळते. त्यापुढे, याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्यांना. विषम संख्या दोन सम संख्यांच्या बरोब्बर मध्ये अडकते, आणि मग नियमानं ती चारनं भाग जाणाऱ्या शेजारणीकडे ढकलली जाते. जुन्या काट्यांचे कोड ८१ ते ८८, म्हणजे त्यांचे क्रमांक त्या रेषेच्या अलीकडे. नव्याचा ९१. तो पलीकडे पडला.

पावती क्रमांकांची कुणी बेरीज करत नाही की गुणाकार. त्यांना संख्या ठरवलं ते मीच, निव्वळ सवयीनं. क्रमांक मजकूर म्हणून पाठवायला लावले आणि दुपारपर्यंत ज्याची पावती त्याच्याकडे गेली.

जमलेल्यांना ५३ वा घात काय सांगणार? "मोबाइलात एवढा मोठा आकडा मावत नव्हता," म्हणालो.

मागून एका आजोबांनी विचारलं, "मग वजन बरं मावलं?"

"वजन पाचच आकडी असतं, आजोबा."

"अठरा टन भरलंय. पाच आकडी म्हणून कमी समजू नका."