नुसता नमस्कार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट मी सांभाळतो. दिवाळीच्या आधी भेटीसाठीच्या घाऊक मागण्या फॉर्मवरून येतात. त्या दिवशी मालकांनी फोन करून बोलावून घेतलं. "काय ओ, लोक नुसता नमस्कार घालून पळायलेत!"

खरंच होतं. नाव आहे, मजकुरात 'नमस्कार', पुढं काही नाही. अशा अकरा मागण्या. मागं मागांचा खडखडाट, त्यात मी छातीठोकपणे सांगितलं, लोक फॉर्म अर्धवट भरतात. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकावर ढकलणं सोपं असतं.

दुपारी लातूरहून एक दुकानदार फोनवर तापला. पूर्ण पत्ता दोनदा लिहिला म्हणे. त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवला. 'नमस्कार', मग हात जोडलेली इमोजी, मग नग, रंग, पत्ता, सगळं शिस्तीत. तोच मजकूर माझ्या लॅपटॉपवर चाचणीसाठी ठेवलेल्या साइटच्या प्रतीत टाकला, तर अख्खा सेव्ह झाला. तासभर तिथंच गेला.

फॉर्मचा मजकूर साठवतं ते मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस. लॅपटॉपवर त्याचं व्हर्जन ८, खरी साइट चालते त्या सर्व्हरवर ५.६. जुन्या मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाची अक्षरं साठवायची जी पद्धत आहे, ती एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट, म्हणजे साठवणीचे तीनच कप्पे देते. आपल्या 'न' ला, 'म' ला तीन पुरतात, म्हणून मराठी बिनतक्रार चालतं आणि संशय येत नाही. जोडलेल्या हातांसारख्या बहुतेक इमोजींना चार लागतात. असं चार बाइटांचं चिन्ह दिसलं की मायएसक्यूएल तिथून पुढचा सगळा मजकूर कापतं, वॉर्निंग देतं आणि गप्प बसतं. वॉर्निंग बघतो कोण? ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न बसणारा मजकूर कापण्याऐवजी नाकारायची सोय, मूळचाच चालू असतो. तिथं निदान सरळ एरर आली असती. होस्टिंगवाल्याकडं अपग्रेड कधीपासून मागतोय, तो 'लवकरच' म्हणतो.

म्हणजे जोडलेल्या हातांनीच पत्ते खाल्ले होते. 'शंभर टॉवेल पाठवा' असं कोरडं लिहिणाऱ्यांच्या मागण्या सुखरूप पोचत होत्या.

मागण्यांचं टेबल यूटीएफ८एमबी४ ला, म्हणजे अक्षराला चार बाइटांपर्यंत देणाऱ्या पद्धतीला नेताना आणखी एक खोडा आला. ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची होती, लांबी २५५ अक्षरं. तीन बाइटांनी ७६५ होतात आणि इंडेक्सची मर्यादा ७६७, म्हणून आजवर बसत होतं. चारांनी १०२० झाले आणि मायएसक्यूएलनं नाक मुरडलं. लांबी १९१ केली. साइट आणि डेटाबेस यांच्यातल्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं पाठवायची पद्धतही बदलली, नाहीतर टेबल सुधारूनही रडगाणं तेच. संध्याकाळी साडेसातला लाइव्ह साइटवर हात जोडून पत्ता टाकला, पूर्ण आला.

आता मायएसक्यूएलचं सर्व्हरवरचंच व्हर्जन लॅपटॉपवर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायच्या साधनात चालवतो, आणि चाचणीला 'टेस्ट टेस्ट १२३' लिहीत नाही. गिऱ्हाइकांचे खरे मजकूर, नावं-नंबर बदलून, एका फाइलमध्ये ठेवलेत. त्यात 'ळ' आहे, तेलुगू आहे, कन्नड आहे, इमोजी तर आहेतच. सोलापुरात राहून हे आधी सुचायला हवं होतं.

कापलेला मजकूर परत येत नाही. मालकांनी शेजारी बसून नऊ जणांना फोन लावले, "अहो, पत्ता परत सांगा की." उरलेल्या दोघांचा फोनच नव्हता, ईमेलही नाही. फोनचा रकाना सक्तीचा ठेवा असं मालक सुरुवातीला म्हणत होते. रकाने कमी असले की लोक फॉर्म पुरा करतात, असं सांगून तो मीच ऐच्छिक केला होता. हे मालकांनी त्या दिवशी काढलं नाही, अजूनही काढलेलं नाही.

त्या दोन ओळी टेबलात तशाच आहेत. नाव, तारीख, नमस्कार.