कुपनावरचा रणगाडा

शनिवारी आमच्या रस्त्याच्या टोकाच्या घरी इस्टेट सेल होता. घरातलं माणूस गेलं की इथे सगळा संसार जागच्या जागी विकायला मांडतात. परक्या बाईच्या कपाटात हात घालायला मला अजूनही अवघड होतं, तरी गेले. शिवणाच्या डब्यात बटणांखाली दोन पुस्तिका होत्या: वॉर रेशन बुक नंबर थ्री.

रेशन! अमेरिकेत! मी तिथेच जिन्यावर बसले.

एक आईची, दुसरी तिच्या तीन वर्षांच्या मुलीची. तान्ह्या बाळालाही स्वतःचं पुस्तक असे. वय, वजन, उंची, व्यवसाय. आईच्या रकान्यात 'हाउसवाइफ', मुलीचा रकाना कोरा. वजन ३१ पाउंड आणि खाली तिच्या वतीने आईची सही. आत बोटाच्या पेराएवढी कुपनं. त्यांवर रणगाडे, तोफा, जहाजं, विमानं. विमानाच्या कुपनावर बूट मिळायचे. नियम मोडला तर १०,००० डॉलर दंड, कैद किंवा दोन्ही. त्या काळी एवढ्या पैशांत घर यायचं!

दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर तिथली साखर तुटली, जहाजं युद्धाला लागली आणि मे १९४२मध्ये साखर रेशनवर आली. माणशी आठवड्याला अर्धा पाउंड. पहिली पुस्तकं वाटली शाळांमधून, शिक्षकांनी. (मास्तरांना सरकारी कामाला जुंपणं फक्त आपल्याकडचं नाही तर!) नोव्हेंबरात कॉफी आली, पाच आठवड्यांना एक पाउंड. शेजारच्या आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या होत्या. तव्यावरची चरबी डब्यात साठवून खाटकाला नेऊन दिली की मटण घ्यायला लागणारे रेशनचे जास्तीचे पॉइंट मिळत, हे त्यांनी अगदी अभिमानाने सांगितलं.

अभिमानाने. हेच मला लागलं. काही वर्षांपूर्वी ऑफिसात आपल्याकडच्या रेशनबद्दल एकाने विचारलं होतं, "तुम्ही किती खायचं हे सरकार ठरवायचं?" मी नुसती हसले होते. का हसले? साखर आली कळताच पिशवी घेऊन धावणारी माझी आई कुणापेक्षा कमी होती? मुंबईतही १९४३मध्ये याच युद्धापायी रेशनिंग सुरू झालं. यांची साखर जून १९४७मध्ये मोकळी झाली, आपली रांग दशकानुदशकं चालली. ७२च्या दुष्काळात तर आईने याच देशातून आलेल्या मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. ती लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, असं ती अजून सांगते. पोट भरलं हे खरं, पण आभार मानायला माझं मन धजत नाही. तुलना सरळ नाही, मला ठाऊक आहे. पण पाच वर्षं रांग लावणाऱ्याला शौर्य आणि पन्नास वर्षं लावणाऱ्याला दारिद्र्य म्हणणं मला मान्य नाही.

रात्री दादाचा फोन आला. ई-केवायसीला अंगठा लावायला मी येणार नाही, म्हणून रेशन कार्डावरून माझं नाव कमी करतोय. इतकी वर्षं मीच टाळलं होतं. धान्य कधीच उचललं नाही, पण त्या घरात माझं नाव लिहिलेला तेवढाच एक सरकारी कागद उरलाय.

"कर," म्हटलं, "पण जुनं कार्ड रद्दीत देऊ नकोस. दुकानदाराच्या निळ्या शाईच्या नोंदी आहेत ना, तेच. मला पाठव."